डिझाइन एकाचं, बांधकाम दुसऱ्याचं, जबाबदारी कोणाची? 'डिझाइन-बिल्ड' पद्धत समजून घ्या

१ ऑगस्ट २००७. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात संध्याकाळी ऑफिस सुटण्याची वेळ होती. मिसिसिपी नदीवरचा आठ पदरी महामार्गाचा पूल काही सेकंदांत कोसळला. त्या वेळी पुलावर शंभराहून जास्त गाड्या होत्या. १३ जणांचा मृत्यू झाला, १४५ जण जखमी झाले.

या पुलावरून रोज सुमारे १ लाख ४० हजार वाहनं जात होती. तो बंद पडल्यावर शहराचे हाल झाले. पण १८ सप्टेंबर २००८ रोजी, म्हणजे दुर्घटनेनंतर साडेतेरा महिन्यांत, त्याच जागी दहा पदरी नवा पूल वाहतुकीला खुला झाला. करारातली मुदत डिसेंबर २००८ ची होती. काम तीन महिने आधीच संपलं.

आपल्याकडे भूमिपूजनाचा नारळ फुटल्यावर उड्डाणपुलाला किती वर्षं लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. मग मिनिआपोलिसमध्ये हे कसं जमलं? पैसा होता, निकड होती, राजकीय इच्छाशक्तीही होती. पण आणखी एक कारण होतं. काम देण्याची पद्धतच वेगळी होती. त्या पद्धतीला 'डिझाइन-बिल्ड' म्हणतात.

ही पद्धत काय आहे, तिचे फायदे-तोटे काय आणि आपल्याकडे ती नीट रुजवायची असेल तर काय करावं लागेल, ते पाहूया.

आधी नेहमीची पद्धत समजून घेऊ

सरकारी बांधकामाची नेहमीची पद्धत तीन टप्प्यांची असते. आधी डिझाइन, मग निविदा, मग बांधकाम.

समजा, तुमच्या शहरात पूल बांधायचा आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महापालिका आधी सल्लागार नेमते. तो सर्वेक्षण करतो, नकाशे आणि संकल्पचित्रं तयार करतो. त्यावरून अंदाजपत्रक बनतं. त्याला प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता मिळते. मग निविदा निघते. किती घनमीटर काँक्रीट, किती टन लोखंड, किती खोदकाम, हे सगळं अंदाजपत्रकात आधीच लिहिलेलं असतं. कंत्राटदार फक्त दर भरतो.

महाराष्ट्रात यासाठी 'बी-१' आणि 'बी-२' हे निविदा नमुने प्रसिद्ध आहेत. बी-१ मध्ये कंत्राटदार पूर्ण अंदाजपत्रकावर इतके टक्के जास्त किंवा इतके टक्के कमी, असा एकच आकडा देतो. 'काम वीस टक्के बिलो गेलं' असं आपण ऐकतो, ते यातूनच. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा वेगळा दर भरायचा असतो. पात्र ठरलेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला कार्यारंभ आदेश मिळतो. काम होईल तसं मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि त्यानुसार देयक निघतं.

ही पद्धत वाईट नाही. सरकारला काय हवंय ते आधीच ठरलेलं असतं, सगळ्यांचे दर एकाच मापाने तोलता येतात आणि छोट्या कंत्राटदारालाही संधी मिळते.

मग अडतं कुठे?

अडतं ते डिझाइन आणि बांधकाम यांच्या सांध्यावर.

खोदकाम सुरू झालं आणि नकाशात दाखवलेल्या खोलीवर खडक लागलाच नाही. आता पाया बदलायचा. कंत्राटदार म्हणतो, नकाशा चुकीचा आहे, वाढीव काम द्या. सल्लागार म्हणतो, मी दिलेल्या माहितीवर काम केलं. विभाग या दोघांच्या मध्ये उभा. पत्रव्यवहार सुरू होतो. काम थांबतं. मग खर्च वाढतो आणि फाइल सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी, म्हणजे सरकारी भाषेतल्या 'सुप्रमा'साठी, पुन्हा वर जाते.

यात कोणी बेइमानी केलीच पाहिजे असं नाही. रचनाच अशी आहे की चूक सापडल्यावर तिची जबाबदारी कोणाची, हे ठरवण्यात वेळ जातो. आणि दर कमी भरलेल्या कंत्राटदाराला पैसे सुटण्याची जागा मिळते ती वाढीव कामातच. त्यामुळे नकाशातली चूक त्याच्यासाठी संकट राहत नाही, कमाईची संधी ठरते.

दुसरी अडचण वेळेची. डिझाइन शंभर टक्के पूर्ण झाल्याशिवाय निविदा निघत नाही आणि निविदा झाल्याशिवाय कुदळ पडत नाही. सगळं एकामागोमाग एक चालतं.

तिसरी अडचण जरा कमी दिसणारी आहे. पूल बांधायचा कसा, कोणत्या क्रेनने, कोणत्या क्रमाने, हे ज्याला सगळ्यांत चांगलं कळतं तो कंत्राटदार डिझाइन होताना तिथे नसतोच. तो येतो तेव्हा कागद पक्के झालेले असतात.

डिझाइन-बिल्ड म्हणजे नेमकं काय?

या पद्धतीत डिझाइन आणि बांधकाम या दोन्हींसाठी एकच करार होतो. सरकार नकाशे देत नाही, अपेक्षा सांगते. म्हणजे पूल या दोन टोकांना जोडणारा हवा, इतक्या पदरांचा हवा, इतकं वजन पेलणारा हवा, इतकी वर्षं टिकणारा हवा, पुराच्या या पातळीच्या वर हवा, वगैरे. तो कसा बांधायचा, हे निविदा भरणाऱ्याने सांगायचं. डिझाइन करणारे अभियंते आणि बांधणारे कंत्राटदार एकत्र येऊन प्रस्ताव देतात आणि एकरकमी किंमत सांगतात.

घराचं उदाहरण घ्या. तुम्ही प्लॉट घेतला. पहिल्या पद्धतीत तुम्ही आर्किटेक्टकडून प्लॅन काढून घेता, आरसीसी डिझाइन वेगळ्याकडून करून घेता आणि मग मिस्त्रीला काम देता. स्लॅब गळला की मिस्त्री म्हणतो प्लॅन चुकला, आर्किटेक्ट म्हणतो काम चुकलं. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही एकाच माणसाला सांगता, 'तीन खोल्या, एक जिना, इतक्या लाखांत, दिवाळीपर्यंत. प्लॅन तुमचा, काम तुमचं.' स्लॅब गळला तर जबाब कोणाला विचारायचा, हे पक्कं असतं.

पण याच उदाहरणात धोकाही आहे. तुम्ही फक्त 'तीन खोल्या' म्हणालात आणि खोली केवढी, खिडकी कुठे, फरशी कोणती हे लिहूनच दिलं नाही, तर करार तंतोतंत पाळून तो तुम्हाला तीन कोंदट खोल्या देऊ शकतो. डिझाइन-बिल्डचं यशापयश निम्मं इथेच ठरतं.

ईपीसी, टर्नकी, हॅम, बीओटी: हे सगळं एकच का?

नाही, पण गोंधळ होणं साहजिक आहे.

* ईपीसी म्हणजे इंजिनिअरिंग, प्रोक्युअरमेंट, कन्स्ट्रक्शन. अभियांत्रिकी, खरेदी आणि बांधकाम एकाच्याच हाती. डिझाइन-बिल्डच्या घराण्यातलाच हा प्रकार. भारतात महामार्गांच्या बाबतीत हेच नाव जास्त ऐकू येतं.
* टर्नकी म्हणजे कंत्राटदाराने सगळं तयार करून किल्ली हातात द्यायची.
* बीओटी म्हणजे बांधा, वापरा, हस्तांतर करा. यात पैसाही खासगी कंपनी घालते आणि टोलमधून वसूल करते.
* हॅम म्हणजे हायब्रिड ॲन्युइटी मॉडेल. यात प्रकल्पखर्चाचा ४० टक्के वाटा सरकार बांधकामाच्या काळात देतं आणि उरलेला नंतर हप्त्यांनी.

बीओटी आणि हॅममध्ये प्रश्न 'पैसा कोणाचा' हा असतो. डिझाइन-बिल्डमध्ये प्रश्न 'डिझाइनची जबाबदारी कोणाची' हा असतो. पैसा इथे सरकारचाच, म्हणजे तुमचा-आमचा.

फायदा खरंच होतो का? आकडे काय सांगतात?

या विषयावर सर्वांत जास्त उल्लेख होतो तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा. पेन्सिल्वेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मार्क कॉन्चार आणि व्हिक्टर सॅनव्हिडो यांनी अमेरिकेतल्या ३५१ इमारत प्रकल्पांची तुलना केली. पारंपरिक पद्धतीच्या तुलनेत डिझाइन-बिल्डमध्ये प्रतिचौरसफूट खर्च सुमारे ६ टक्के कमी, बांधकामाचा वेग १२ टक्के जास्त आणि डिझाइनपासून ताबा देईपर्यंतचा एकूण वेग ३३ टक्के जास्त दिसला.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. खर्चातली बचत लहान आहे, वेळेतली मोठी आहे. आणि हे आकडे अमेरिकेतल्या इमारतींचे आहेत. तिथे कोणता प्रकल्प कोणत्या पद्धतीने द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांना घाई होती आणि गरज नेमकी माहीत होती, त्यांनीच कदाचित ही पद्धत निवडली असेल. त्यामुळे 'डिझाइन-बिल्ड केलं की वेळ वाचतो' असं सरसकट म्हणता येत नाही. 'वेळ वाचवण्याची सोय त्यात आहे' इतकं मात्र नक्की म्हणता येतं.

ती सोय कशी? पायाचं डिझाइन तपासून झालं की पायाचं काम सुरू करता येतं. वरच्या भागाची रेखाटनं तोवर पूर्ण होत राहतात. मिनिआपोलिसमध्ये हेच झालं. ऑक्टोबर २००७ मध्ये काम दिलं गेलं आणि त्याच हिवाळ्यात पाया खोदायला सुरुवात झाली.

सर्वांत महाग निविदा का निवडली?

मिनिआपोलिसच्या गोष्टीतला खरा वाद इथे आहे.

त्या पुलासाठी चार निविदा आल्या होत्या. ज्यांना काम मिळालं त्या फ्लॅटआयर्न-मॅन्सन या जोडीची किंमत चौघांत सर्वांत जास्त होती, सुमारे २३.४ कोटी डॉलर. सर्वांत कमी किंमत सुमारे १७.७ कोटी डॉलर होती. शिवाय कमी किंमतवाले ३६७ दिवसांत काम करू म्हणत होते आणि महागवाले ४३७ दिवस मागत होते. म्हणजे जास्त पैसे घेऊन जास्त दिवस! आपल्याकडे अशी निवड झाली असती तर काय मथळे आले असते, कल्पना करा.

पण मिनेसोटा राज्याच्या वाहतूक विभागाने निवडीचं सूत्र आधीच जाहीर केलं होतं. कंत्राटदाराने सांगितलेली किंमत घ्यायची, त्यात प्रत्येक दिवसाचे २ लाख डॉलर मिळवायचे आणि येणाऱ्या बेरजेला तांत्रिक गुणांनी भागायचं. ज्याचा भागाकार सर्वांत लहान, त्याला काम.

हिशोब करून पाहू. महाग निविदेला शंभरपैकी ९१.४७ गुण मिळाले. २३.४ कोटी अधिक दिवसांचे ८.७४ कोटी, भागिले ९१.४७. म्हणजे गुणामागे सुमारे ३५ लाख डॉलर. सर्वांत स्वस्त निविदेला ६५.९१ गुण होते. १७.७ कोटी अधिक ७.३४ कोटी, भागिले ६५.९१. म्हणजे गुणामागे सुमारे ३८ लाख डॉलर. महाग निविदा जिंकली.

हरलेल्या दोन स्पर्धकांनी आक्षेप घेतला. सौंदर्य, लोकसंपर्क अशा गोष्टींना गुण देणं म्हणजे मनमानी नाही का, असा सवाल झाला. करदात्यांच्या वतीने खटलाही भरला गेला आणि तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१० मध्ये न्यायालयाने वाहतूक विभागाच्या बाजूने निकाल दिला. प्रत्यक्षात पूल मुदतीच्या तीन महिने आधी तयार झाला आणि लवकर काम केल्याबद्दल कंत्राटदाराला करारानुसार मोठं बक्षीसही मिळालं.

निवड योग्य होती की नाही, यावर आजही दोन मतं असू शकतात. ५.७ कोटी डॉलरचा फरक लहान नाही. पण सूत्र आधी जाहीर होतं, गुण नंतर सगळ्यांसमोर आले आणि ज्याला आक्षेप होता त्याला न्यायालयात जाता आलं. सर्वांत कमी दर सोडायचा असेल तर एवढं तरी हवंच.

दुसरी बाजू: मायामीचा पादचारी पूल

आता याच पद्धतीची दुसरी गोष्ट.

फ्लोरिडातल्या मायामीजवळ एका विद्यापीठासाठी पादचारी पूल बांधला जात होता. हाही डिझाइन-बिल्ड करार होता. १० मार्च २०१८ रोजी पुलाचा मुख्य भाग रस्त्यावर बसवला गेला. पाच दिवसांनी, १५ मार्चला, तो खालून जाणाऱ्या गाड्यांवर कोसळला. सहा जणांचा जीव गेला.

डिझाइन करणारी कंपनी होती फिग. मिनिआपोलिसच्या नव्या पुलाचं डिझाइनही याच कंपनीचं होतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये निष्कर्ष दिला. पुलाच्या एका सांध्यावर येणारा भार आणि त्या सांध्याची ताकद, दोन्हींच्या गणितात चूक होती. ही चूक पकडण्यासाठी दुसऱ्या कंपनीकडून स्वतंत्र तपासणी करून घेतली होती. पण ती कंपनी नेमली होती डिझाइन करणाऱ्या कंपनीनेच. शिवाय तिने बांधकामाच्या मधल्या टप्प्यांची तपासणी केलीच नव्हती. काँक्रीटमध्ये तडे दिसत होते, त्याच दिवशी सकाळी त्यावर बैठकही झाली, तरी खालचा रस्ता बंद केला गेला नाही.

पद्धत तीच, डिझाइन कंपनी तीच. एका ठिकाणी मुदतीआधी उभा राहिलेला पूल, दुसऱ्या ठिकाणी सहा मृत्यू. फरक पडला तो तपासणीने.

आणि पारंपरिक पद्धतीचे समर्थक 'बघा, डिझाइन आणि बांधकाम वेगळंच हवं' असं म्हणणार असतील, तर त्यांनी २००७ मध्ये कोसळलेल्या जुन्या पुलाचा अहवालही वाचावा. १९६७ मध्ये खुल्या झालेल्या त्या पुलाचं डिझाइन एका सल्लागार कंपनीने वेगळं करून दिलं होतं. सांध्यांवरच्या पोलादी पट्ट्या जाडीला कमी होत्या. कंपनीच्या अंतर्गत तपासणीत आणि राज्य व केंद्राच्या अधिकाऱ्यांच्या तपासणीतही ते सुटलं. चूक चाळीस वर्षं पुलात लपून राहिली. पुढे पुलाचं वजन वाढत गेलं आणि त्या दिवशी दुरुस्तीचं सामानही पुलावर होतं. त्या भाराखाली पट्ट्या तुटल्या.

म्हणजे करार कोणताही असो, डिझाइनवर तिसऱ्या, खरोखर स्वतंत्र माणसाची नजर पडली नाही तर तो करार कोणाला वाचवत नाही.

महाराष्ट्रात ही पद्धत आहे का?

आहे, आणि तुम्ही तिच्यावरून प्रवासही केला असेल.

मुंबईचा अटल सेतू, म्हणजे २१.८ किलोमीटरचा शिवडी-न्हावाशेवा पूल, १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याची बांधकामाची तीनही मोठी कंत्राटं डिझाइन-बिल्ड धर्तीवर दिली होती. खाडीतल्या लांब गाळ्यांसाठी त्यात पोलादी ऑर्थोट्रॉपिक डेकचा वापर झाला. अर्थात इथेही पद्धतीने चमत्कार केला असं नाही. काम २०१८ मध्ये सुरू झालं, मूळ मुदत २०२२ ची होती आणि करोनाच्या काळात ती लांबली.

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग १६ पॅकेजमध्ये विभागून ईपीसी पद्धतीने बांधला गेला. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला.

लहान पातळीवर तर ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. पाणीपुरवठा योजनांमधल्या उंच टाक्या आणि जलशुद्धीकरण केंद्रं बऱ्याचदा 'कंत्राटदाराच्या स्वतःच्या डिझाइनवर' एकरकमी दिली जातात. टाकी किती लिटरची आणि किती उंच, हे विभाग सांगतो. बाकी कंत्राटदार पाहतो.

मग प्रश्न असा पडतो, की पद्धत आहे तर अडचण काय?

आपण अर्धीच पद्धत उचलली

अडचण अशी की डिझाइन कंत्राटदाराकडे दिलं, पण निवड मात्र जुन्याच तराजूने चालू राहिली. तांत्रिक पात्रता पार केली की पुढे फक्त दर पाहायचा आणि सर्वांत कमी दर भरेल त्याला काम द्यायचं.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. पारंपरिक पद्धतीत कमी दर भरणारा निदान तुमच्याच नकाशावर काम करतो. डिझाइन-बिल्डमध्ये डिझाइनही त्याच्याच हातात असतं. दर कमी भरायचा तर डिझाइन किमान निकषाला टेकेल इतकं बारीक करणं हा सरळ मार्ग. चांगली कल्पना मांडणाऱ्याला एकही गुण जास्त मिळणार नसेल, तर ती तो मांडेल कशाला?

केंद्र सरकारच्या अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी सार्वजनिक खरेदीच्या सूचना काढल्या. गुणवत्ता महत्त्वाची म्हणून जाहीर केलेल्या बांधकामांना गुणवत्ता आणि किंमत दोन्ही पाहून निवड करण्याची मुभा त्यात दिली. हे चांगलं पाऊल होतं. पण गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के वजन देता येतं.

मिनिआपोलिसचे आकडे या ७०-३० च्या सूत्रात घालून पाहू. किमान गुणांची अट नाही असं धरू. स्वस्त निविदेला किंमतीचे पूर्ण ७० आणि गुणवत्तेचे सुमारे २०, एकूण जवळपास ९० गुण मिळतात. महाग निविदेला किंमतीचे सुमारे ५३ आणि गुणवत्तेचे सुमारे २७, एकूण ८०. निकाल उलटा लागतो. ते चूकच झालं असतं, असा याचा अर्थ नाही. पण तांत्रिक गुणांत पंचवीस अंकांचा फरक असतानाही या सूत्रात किंमतच निर्णायक ठरते, एवढं त्यातून दिसतं.

वापर वाढवायचा तर काय करावं लागेल?

१. अपेक्षा नीट लिहिणं. नकाशे काढणं सोपं, अपेक्षा लिहिणं अवघड. पुलाचं आयुष्य किती, देखभाल कशी, पावसाचं पाणी कुठे जाणार, बांधकामाच्या काळात वाहतूक कशी वळवणार, हे सगळं निविदेआधी ठरलेलं हवं. काम सुरू झाल्यावर मंत्र्यांनी किंवा आयुक्तांनी 'इथे एक रॅम्पही टाका' म्हटलं की एकरकमी किमतीचा फायदा तिथेच संपतो.

२. जमिनीखालची माहिती आधी देणं. खडक कुठे आहे हे शोधायचा खर्च सरकारने एकदा करावा. नाहीतर पाच निविदाकार पाच अंदाज बांधतात आणि भीतीपोटी किंमत वाढवतात. सल्लागार अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिडिक' हिच्या नमुना करारांमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. तिच्या पिवळ्या पुस्तकात, म्हणजे डिझाइन-बिल्ड करारात, अनपेक्षित भूस्तराचा धोका मुख्यतः काम देणाऱ्यावर असतो. चंदेरी पुस्तकात, म्हणजे ईपीसी-टर्नकी करारात, तो बहुतांशी कंत्राटदारावर असतो. धोका ज्याच्यावर, त्याची किंमतही तोच लावणार.

३. तपासणी खरोखर स्वतंत्र ठेवणं. महामार्गांच्या नमुना ईपीसी करारात डिझाइन तपासणाऱ्या सल्लागाराची सोय आहे. कंत्राटदार तीन नावं सुचवतो, त्यातून प्राधिकरण एक निवडतं आणि नेमणूक कंत्राटदार करतो. मायामीनंतर ही साखळी पुन्हा तपासायला हवी. मोठ्या पुलांसाठी आणि बोगद्यांसाठी तरी तपासणारा सरकारने नेमावा, त्याचे पैसे सरकारने द्यावेत आणि बांधकामाचा प्रत्येक टप्पा त्याच्या नजरेखालून जावा.

४. खात्यातले अभियंते टिकवणं. 'डिझाइन कंत्राटदाराचं, मग आपल्याला संकल्पचित्र मंडळ कशाला?' हा विचार महागात पडतो. समोरच्याचं डिझाइन वाचता यायचं तर ते स्वतःला करता यायला हवं.

५. हरलेल्यांनाही थोडा मोबदला. चांगला प्रस्ताव तयार करायला मोठा खर्च येतो. अमेरिकेत अनेक ठिकाणी पात्र पण हरलेल्या निविदाकारांना ठरलेली रक्कम देतात. त्यामुळे मध्यम कंपन्याही स्पर्धेत उतरतात आणि त्यांच्या कल्पना वापरण्याचा हक्क सरकारला मिळू शकतो.

कुठे ही पद्धत नको?

प्रत्येक कामाला ही पद्धत लागू पडत नाही. गावातला दोन किलोमीटरचा रस्ता, शाळेची खोली, गटार यांचे नकाशे ठरलेले असतात. तिथे डिझाइनला वाव नाही. अशी कामं एकत्र बांधून मोठं ईपीसी पॅकेज केलं, तर स्थानिक कंत्राटदार बाहेर फेकले जातील आणि हाती काही लागणार नाही.

जुन्या वास्तूंची दुरुस्तीही यात बसत नाही. वाड्याची भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. एकरकमी किंमत मागितली तर कंत्राटदार एक तर घाबरून दुप्पट सांगेल किंवा कमी सांगून कामात काटकसर करेल.

पूल, बोगदे, रुग्णालयं, मोठी जलशुद्धीकरण केंद्रं, मेट्रो स्थानकं अशा कामांत बांधण्याची रीत आणि डिझाइन एकमेकांत गुंतलेली असतात. तिथे ही पद्धत शोभते.

तुमच्या शहरात प्रकल्प आला, तर काय विचाराल?

राज्यातल्या बहुतेक सरकारी निविदा 'महाटेंडर्स' या पोर्टलवर येतात. तिथे न मिळालेली कागदपत्रं माहितीच्या अधिकारात मागता येतात. पुढच्या वेळी 'ईपीसी पद्धतीने काम' असं वाचलंत, तर हे पाच प्रश्न विचारा.

१. अपेक्षांची यादी निविदेत पूर्ण आहे का, की 'सविस्तर नंतर ठरेल' असं लिहिलंय?
२. माती आणि खडकाची तपासणी निविदेआधी झाली का? त्याचा अहवाल कुठे आहे?
३. निवड फक्त दरावर झाली का? तांत्रिक गुण दिले असतील तर ते जाहीर केले का?
४. डिझाइन कोणी तपासलं, त्याला कोणी नेमलं आणि पैसे कोण देतं?
५. काम पूर्ण झाल्यावर दोष निघाला तर किती वर्षं जबाबदारी कोणाची?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं नीट असतील, तर पाचव्याची गरज बहुधा पडणार नाही. ती नीट नसतील, तर निविदा किती टक्के बिलो गेली या बातमीवर खूश होण्यात अर्थ नाही.